टीका आणि टवाळी

कोणतीही निर्मिती लोकांसमोर आली की तिच्याविषयी मत देण्याचा अधिकार लोकांना प्राप्त होतो. हा अधिकार निर्विवाद आहे. परंतु तो कसा वापरावा याचा विचार फार थोडे लोक करतात. ग्रंथपरीक्षणाची परंपरा मराठीत जुनी आहे. १८६७ मध्ये सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तार' या मासिकातून नव्या पुस्तकांची परीक्षणे प्रसिद्ध होत असत. संगणकावर किंवा मोबाइलवर खेळले जाणारे खेळ हा त्या मानाने अगदी अलीकडचा निर्मितिप्रकार होय. त्याच्या परीक्षणाची रीत अजून घडत आहे आणि ती घडवणारे बहुतांशी सामान्य खेळाडूच आहेत.

मोठ्या कंपन्यांचे खेळ शेकडो माणसे मिळून तयार करतात. स्वतंत्र निर्मात्यांची स्थिती निराळी असते. चार-दोन माणसे स्वतःची पुंजी घालून, अनेक वर्षे राबून एखादा खेळ पूर्ण करतात. अभिप्राय वाचून क्रम लावणारा वेगळा विभाग त्यांच्याकडे नसतो. प्रत्येक शब्द थेट त्यांच्यापर्यंतच पोहोचतो. म्हणूनच विचारपूर्वक केलेल्या टीकेचा त्यांना अधिक लाभ होतो आणि अविचारी टवाळीचा घावही अधिक खोल लागतो.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेचा 'राजी' हा खेळ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये या खेळासाठी लोकवर्गणी मागण्यात आली, तेव्हा ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही निर्मात्यांनी काम चालू ठेवले आणि २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला व पहाडी चित्रशैली यांवर बेतलेल्या त्याच्या दृश्यरूपाची समीक्षकांनी वाखाणणी केली. त्याच वेळी लढाईची रचना सफाईदार नाही, खेळ लवकर संपतो, असे दोषही अनेकांनी नोंदवले. २०२२ मध्ये खेळाची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाई व हालचाली यांत सुधारणा होती आणि हिंदी संवादांचीही भर होती. दोष नेमका कोठे आहे हे सांगितले गेले, तर तो दूर करण्याची वाट मोकळी होते, हे यावरून दिसते. 'खेळ टाकाऊ आहे' एवढ्याच शेऱ्यातून सुधारणेचे कोणतेही सूत्र हाती लागत नाही.

मग छोट्या निर्मात्याला केवळ शाबासकीच द्यावी काय? तसे करणेही अन्यायाचे ठरेल. रायपूरला लागून असलेले बीरगांव हे उरला औद्योगिक क्षेत्राच्या शेजारचे कामगारांचे शहर आहे. तेथील एखादा तरुण कामगार पगारातील पैसे बाजूला काढून खेळ विकत घेतो. इतरांच्या खोट्या स्तुतीवर विसंबून त्याचे पैसे वाया गेले, तर त्या नुकसानीला जबाबदार कोण? निर्माता गरीब आहे म्हणून ग्राहकाने फसावे, हा न्याय नव्हे. शिवाय खोट्या स्तुतीमुळे निर्माताही अंधारातच राहतो.

दुसऱ्या टोकाचा धडा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच सापडतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे प्रभावी गद्यशैलीचे लेखक. 'निबंधमाले'त त्यांनी जोतीराव फुले यांच्या भाषेतील व व्याकरणातील दोषांची कठोर थट्टा केली. परंतु १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिणाऱ्या फुल्यांना जे सांगायचे होते, त्याचे मोल त्या थट्टेने कमी झाले नाही. बाह्य दोष मोजता मोजता टीकाकाराची दृष्टी मूळ आशयावरून ढळली, तर टीका कितीही चमकदार असली तरी तोकडीच राहते.

न्याय्य टीकेची पथ्ये अवघड नाहीत. खेळ पुरेसा खेळल्यावाचून मत देऊ नये. निर्मात्याने काय साधण्याचा प्रयत्न केला आहे, हे आधी समजून घ्यावे. कोड्यांच्या खेळात लढाई नाही अशी तक्रार करणे व्यर्थ होय. दोष कोणत्या टप्प्यावर व कोणत्या उपकरणावर आढळला ते स्पष्ट लिहावे, कारण स्वस्त मोबाइलवर अडखळणारा खेळ महाग मोबाइलवर सुरळीत चालू शकतो. जे साधले आहे त्याचीही नोंद घ्यावी. बोलावे ते कृतीविषयी. निर्मात्याची जात, भाषा, शिक्षण वा रूप यांविषयी कदापि नाही.

आज अभिप्राय लिहिणारा बीरगांवचा तरुण उद्या स्वतः खेळ रचू लागेल, ही शक्यता दूरची नाही. तेव्हा त्याच्या वाट्याला टवाळी यावी की टीका, हे आज रुजणाऱ्या सवयींवर अवलंबून आहे. टीकेने निर्मात्याला कामाकडे परत नेले पाहिजे, कामापासून दूर नव्हे.