शर्यतीचा गाडा

भीमेच्या दक्षिणेस, दौंडाकडे, हिवाळ्यांत उसाच्या बैलगाड्या कारखान्यांकडे जातांना दिसतात. नदी ओलांडून चैत्रांत शिरूर तालुक्यांतील एखाद्या जत्रेस जावें, तों निराळाच गाडा दृष्टीस पडतो. त्यांत ओझें कांहींच नसतें. चढणीचा घाट, चार बैल, पुढें धांवणारी घोडी आणि सारा हिशेब सेकंदांचा! अशा एका धांवेस तिकडे ‘बारी’ म्हणतात.

एकाच माणसाची बैठक असलेली शर्यतीची मोटार सिद्ध होतांना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस ही तयारी परकी वाटणार नाहीं. तेथें प्रत्येक चाकावर किती भार पडतो हें तोलून पाहतात, टायरांतील हवा मोजतात, चाकांचा कल बदलतात. येथें गाडा हलका, पण घाटांतील धक्के सोसण्याइतका चिवट हवा. चाक अडखळूं नये म्हणून आंसास वंगण हवें. जूं सारखें बसलें नाहीं तर खांदा सोलतो आणि बैल एका अंगास ओढूं लागतो. खरी पारख मात्र जुळणीची. जुवाखालची जोडी आणि तिच्या पुढची जोडी, या चौघांची चाल एक नसेल तर सर्वांत वेगवान बैलच बारी बिघडवितो! यासाठीं वर्षभर खुराक, पोहणें, चढावरील सराव. (गोठ्यांतील ही दुधा-अंड्यांची उधळण पाहून, घरच्या मुलांस काय मिळतें, असें आमच्या भगिनी विचारतील, आणि तें योग्यच होईल.)

सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं या शर्यती बंद केल्या. राज्यानें २०१७ सालीं कायदा बदलला, तरी परवानगी मिळण्यास १६ डिसेंबर २०२१ उजाडला. आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य धरला. शेतीचें काम ट्रॅक्टरकडे गेलेल्या घरीं मधलीं सात वर्षें केवळ शर्यतीचा खिलार पोसणें सोपें नव्हतें.

आतांच्या अटींत काठी, चाबूक, विजेचा झटका यांस मनाई आहे. म्हणजे मैदानावर टोचून मिळविलेला सेकंद यापुढें गोठ्यांतच कमवावा लागणार. आमच्या मतें परवानगीचें समर्थन एवढ्यावरच टिकतें. कोणी वाचक या चैत्रांत तिकडे गेलेच, तर घड्याळाआधीं बैलाचें शेपूट आणि मागील अंग न्याहाळावें. टोचणीच्या खुणा तेथें असतात.