तीन गोळ्यांची साक्ष

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलच्या व्हरांड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रीडिंग जुळत नाहीये रे!" त्यावर ठरलेलं उत्तर, "मग उडव की एक!" मीही उडवलंय. काँक्रीटचे तीन क्यूब फोडले. दोघांची ताकद जवळपास सारखी, तिसरा बराच खाली. "क्युरिंग नीट झालं नसेल" म्हणून तिसरा गाळला. सरासरी झकास आली, सहीही मिळाली.

हे पाप आठवायचं कारण मात्र रायफल. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं आणि मी या खेळाबद्दल वाचत सुटलो. दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं! त्या खेळातली .२२ ची काडतुसं कारखान्यातूनच भरून येतात, म्हणून नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीवर तपासून घेतात. अमेरिकेत १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर नेम धरणारे बरेच जण तर काडतूस स्वतःच भरतात. दारू (बंदुकीची! उगाच खूश होऊ नका) तोलून थोडी थोडी वाढवत जायची, प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या १०० यार्डांवर झाडायच्या, ज्या मापाची भोकं सगळ्यात जवळ तेच माप उत्तम. ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतं, नाही?

इथेच गोची आहे. एकाच रायफलीतून, एकाच मापाच्या दहा गोळ्या मारल्या तर त्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या पसाऱ्यापेक्षा सरासरीने दीडपटीहून जास्त भरतो. रायफल बिघडलेली नसते, आपण तिला कमी विचारलेलं असतं. दहा मापं तपासली आणि त्यांच्यात काडीचा फरक नसला, तरी एक माप नशिबाने पहिलं येणारच. लॉटरी कुणाला तरी लागतेच ना?

अंतराचं आणखी वेगळं. हवा सोडून द्या आणि गणित करा. एक गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली, दुसरी ७९० ने. १०० मीटरवर दोघींच्या पडण्यात फरक जेमतेम २ मिलिमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. ९०० मीटरवर तोच फरक जवळपास १६ सेंटिमीटर! अंतर नऊपट, फरक एक्क्याऐंशीपट. हवेने वेग आणखी मंदावतो, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्तच. जवळून सुंदर दिसणारी भरणी लांबवर उघडी पडते ती अशी.

आणि एखादी गोळी बाजूला गेली की नेमबाज म्हणतो, "ही माझ्या हातून गेली, धरू नका." ओळखीचं वाटतंय? पण चांगल्या नेमबाजांची एक सवय मला फार आवडली. गोळी सुटताच, टार्गेटकडे बघायच्या आत ते सांगतात की ही कुठे गेली असेल. हात हलला असेल तर तेव्हाच कबूल करायचं. भोक बघितल्यावर सुचलेलं कारण हे कारण नसतं, ती सबब असते.

माझं म्हणणं एवढंच. रीडिंग गाळायचं तर कारण निकाल बघायच्या आधी लिहिलेलं हवं. नाहीतर ते राहू द्यावं. आयएस ४५६ तरी वेगळं काय सांगतं? तीन क्यूबपैकी एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त ढळला तर तो सॅम्पलच रद्द. नावडता क्यूब फेकून उरलेल्या दोघांची सरासरी काढा, असं त्यात कुठेही नाही. नेमबाजाने स्वतःला फसवलं तर त्याचे गुण जातात. आपण फसवलं तर उद्या त्या स्लॅबखाली कुणीतरी झोपलेलं असेल.

सरांनाही एक नम्र विनंती. वाकडा ग्राफ जसाच्या तसा आणणाऱ्याला परत पाठवू नका, व्हायवात विचारा, "का वाकला?" आम्ही रीडिंग ढापतो ते आळसामुळे, हे खरंच. पण सरळ रेषेलाच सही मिळते, हेही तितकंच खरं.

माझं ते जर्नल अजून कपाटात आहे. तिसऱ्या क्यूबचा आकडा मी परवा पेनने परत लिहून ठेवलाय.