चेंची आणि चिंधी

या सदराच्या वाचकांना माझी खोड एव्हाना ठाऊक झाली आहे. एखादा शब्द हाती लागला, की तो कुठला, कुणाच्या घरी वाढला, याची चौकशी केल्यावाचून मला चैन पडत नाही. मास्तरकीचा पेशा, दुसरे काय! आजचा शब्द मात्र सणाला शोभणारा नाही. घरोघर नव्या कपड्यांच्या घड्या मोडल्या जात असताना मी चिंधीविषयी लिहायला बसलो आहे.

इटालियन भाषेत चिंध्यांना 'चेंची' म्हणतात. आपल्या चिंधीशी त्यांचे नाते असेलच तर ते फक्त कानाचे. परंतु या चेंचीवर एक सबंध शहर दीडशेहून अधिक वर्षे पोट भरीत आले आहे. फ्लॉरेन्सच्या शेजारी, बिझेन्झिओ नदीच्या काठी वसलेले ते प्रातो. लोकरी कापडाचा त्याचा धंदा मध्ययुगापासूनचा. फ्रान्चेस्को दातिनी हा तिथला व्यापारी १४१० साली वारला, तेव्हा त्याच्यामागे दीड लाखाच्या आसपास पत्रे उरली. व्यापाऱ्याने इतके लिहावे, हे पाहून आम्हा लेखकांनी मान खाली घालावी!

जुनी लोकर पिंजून तिचे पुन्हा सूत काढण्याची युक्ती मात्र प्रातोची नव्हे. ती यॉर्कशायरमधील बॅटली गावच्या बेंजामिन लॉ याची, १८१३ सालची. त्या कापडाला इंग्रजांनी 'शॉडी' म्हटले आणि पुढे कोणत्याही हलक्या मालाला तोच शब्द चिकटला. आपण एखाद्याला 'चिंधीचोर' म्हणतो, तसाच. प्रातोकरांनी शब्दाची लाज बाळगली नाही. नवी लोकर महाग, जुनी स्वस्त, एवढा हिशेब त्यांना पुरला.

दूरदेशींहून जुन्या कपड्यांच्या गासड्या प्रातोत येत. त्या निवडणारा तो 'चेंचायोलो'. कोट हाती घेताच लोकर कोणत्या प्रतीची, भेसळ किती, हे तो बोटांनी ओळखी. मग गुंड्या, अस्तर, शिवणी काढायच्या. लोकरीत अडकलेले सुती धागे आम्लाच्या साहाय्याने जाळून टाकायचे. उरलेले फाडायचे, पिंजायचे आणि कातायचे. खरी हुशारी रंगात. निळ्यात निळा, करड्यात करडा असा ढीग लावला, की निघणारे सूत रंगवावेच लागत नाही. रंग वाचला, पाणी वाचले, पैसा वाचला. साडीचा काठ उजेडाकडे धरून जर खरी की खोटी हे सांगणाऱ्या आपल्या बोहारणीची नजर याच कुळीची.

याच व्यवहाराला आता 'शाश्वत उद्योजकता' असे भारदस्त नाव मिळाले आहे. शाश्वत हा शब्द आपण आत्म्यासाठी राखून ठेवला होता. कापडाला आपली आजी 'टिकाऊ' म्हणे. मला आजीचा शब्द अधिक खरा वाटतो. प्रातोने हे पुण्य म्हणून केले नाही, काटकसर म्हणून केले. आणि काटकसर जेव्हा सगळ्यांच्या सोयीची होते, तेव्हा ती टिकते. गिरण्यांचे सांडपाणी शुद्ध करून, त्यातील काही वेगळ्या नळाने गिरण्यांनाच परत पुरवण्याची व्यवस्था गावाने आणि कारखानदारांनी मिळून केली, ती याच बुद्धीने.

पण बाजाराला आजीची भाषा समजत नाही. परदेशी कापडाच्या आयातीवर १९७४ पासून कोट्याचे बंधन होते. १ जानेवारी २००५ रोजी ते उठले आणि स्वस्त मालाचा लोंढा युरोपात शिरला. प्रातोच्या कित्येक गिरण्यांना कुलपे लागली. एदोआर्दो नेसी याने आपल्या घराण्याची गिरणी २००४ सालीच विकली होती. त्या दुःखावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाला २०११ मध्ये स्त्रेगा हे इटलीचे मानाचे पारितोषिक मिळाले. पारितोषिक मिळाले, गिरणी गेली!

त्याच शहरात चिनी स्थलांतरितांनी झटपट कपडे शिवण्याचे कारखाने थाटले होते. १ डिसेंबर २०१३ रोजी अशा एका कारखान्याला आग लागली आणि सात कामगार प्राणास मुकले. ते राहत होते कारखान्यातच. स्वस्त कपड्याची उरलेली किंमत कोणीतरी भरत असते. फक्त ती चिठ्ठीवर छापलेली नसते.

चिंध्यांच्या धंद्यातही प्रातोला प्रतिस्पर्धी आहे, आणि तो आपल्या देशातला. पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते. पण आज पाश्चात्त्य देशांतील जुनी लोकर पानिपतला येते आणि तिची कांबळी होतात. मजुरीच्या दरात प्रातो तिथे हरणारच. तो तगून आहे तो कापडाच्या प्रतीवर आणि निवडणाऱ्यांच्या बोटांवर.

खरी धास्ती वेगळीच आहे. युरोपीय संघात माणशी वर्षाला सुमारे १२ किलो कपडे व पादत्राणे कचऱ्यात जातात. १ जानेवारी २०२५ पासून जुने कापड वेगळे गोळा करणे तिथे बंधनकारक झाले. पण गोळा होते काय? पॉलिएस्टर, अॅक्रिलिक आणि ताणल्या जाणाऱ्या धाग्यांची खिचडी! तिच्यातून धड सूत निघत नाही. चिंध्या वाढल्या आणि चांगली चिंधी दुर्मिळ झाली, असा हा चमत्कार.

म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये अमलात आलेली कायद्याची दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. कपड्याच्या शेवटाचा खर्च तो विकणाऱ्याने सोसावा, अशी व्यवस्था अडीच वर्षांत उभारण्यास तिने सभासद देशांना सांगितले आहे. लवकर विटणारा माल विकणाऱ्याला अधिक भुर्दंड बसला, तर टिकाऊ माल विकणारा प्रथमच बरोबरीने शर्यतीत उतरेल. हा भुर्दंड नाममात्र ठरला, तर मात्र चेंचायोलोची बोटे त्याच्याबरोबरच संपतील. ती विद्या पुस्तकात नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची खरेदी खुशाल करा. दुकानदाराला रंग विचारा, भाव विचारा. आणि जमल्यास मनाशी एवढेच विचारा, की या कापडाची उद्या चांगली चिंधी होईल का? ज्याची चिंधीही कुणी घेणार नाही, ते वस्त्र आज कितीही स्वस्त मिळो, महागच आहे.