विमानाच्या शिक्षणाचा उत्पादन खर्च

गेल्या महिन्यात शिबिराच्या निमित्ताने आम्ही मालगुंडला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यातले, गणपतीपुळ्याजवळचे, केशवसुतांचे हे जन्मगाव. तिथे आपली पऱ्हाटी नाही, ज्वारी नाही, आंबा आहे. पण रात्री जेवणं झाल्यावर एका बागायतदाराने जो प्रश्न काढला तो आम्ही अमरावतीत आणि धुळ्यातही ऐकला आहे. मुलगी बारावी झाली, गणित आणि भौतिकशास्त्र पक्के आहे. एका कॉलेजचे रंगीत माहितीपत्रक घरी आले आहे: बी. एस्सी. एव्हिएशन, तीन वर्षे. "साहेब, निम्मी बाग विकून टाकू का?"

हा प्रश्न आता कापसाच्या मुलखात वाढणार आहे. अमरावतीचा बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. तिथे वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था काढण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. माहितीपत्रकवाल्यांना एवढे आकडे पुरेसे आहेत.

पण त्या पत्रकात एक गोष्ट ठळक छापलेली नसते. पदवीने विमान उडवता येत नाही. त्याला लागतो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा व्यावसायिक वैमानिक परवाना. वय १८ पूर्ण, किमान २०० तासांचे उड्डाण, हवामान, दिशाशास्त्र, नियम अशा विषयांच्या परीक्षा आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी. पदवीची अट नाही. १९२९ साली या देशात दिलेला पहिला परवाना जे. आर. डी. टाटांना मिळाला. त्यांच्याजवळही पदवी नव्हती. म्हणजे कॉलेजची फी वेगळी आणि उडायचा खर्च वेगळा. काही ठिकाणी दोन्ही एकत्र बांधून देतात. तिथे विचारायचे की या फीत उड्डाणाचे तास किती, आणि ते कागदावर लिहून घ्यायचे.

आता खर्च मांडू. आपल्याला उत्पादन खर्च काढायची सवय आहे, तीच पद्धत इथे लावायची. देशात राहून परवाना काढायला आज पन्नास लाखांच्या आसपास लागतात. रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची उड्डाण अकादमी आहे. तिथला खर्चही चाळीस लाखांच्या वर आहे. पुढे विशिष्ट जातीचे विमान चालवायचे प्रशिक्षण, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. ते सोडून देऊ, पन्नासच धरू. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. पन्नास लाख म्हणजे सुमारे ६५० क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरा. पाच एकरवाल्याची सव्वीस वर्षांची पऱ्हाटी झाली, आणि तीही बियाणे, फवारणी, वेचणी यांचा एक पैसा वजा न करता, सगळ्या मालाला हमीभाव मिळाला असे धरून. (हसू नका.)

कर्ज काढले तर? ११ टक्के व्याजाने दहा वर्षांची फेड धरली तर महिना सुमारे ६९ हजारांचा हप्ता. नोकरी लागली तर सुरुवातीला दीड-दोन लाख मिळतात, हप्ता निघतो. पण परवाना हातात घेऊन नोकरीची वाट पाहणारी पोरेही आहेत. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळीच प्रवासी विमाने उभी होती. भाव पडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हप्ता मात्र पडत नाही.

शिवाय हे कर्ज आपल्याला सहजी मिळत नाही. शेतजमीन तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याने ती परस्पर विकून वसुली करता येत नाही, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँक शहरातले घर, प्लॉट, ठेव मागते. जे आपल्याजवळ नाही तेच. मग उरतो सातबारा आणि गिऱ्हाईक.

आम्ही स्वतः कृषी पदवीधर. चार वर्षांत कापसावरच्या अळ्यांची नावे पाठ झाली. कापूस परवडतो का, हे विचारायला कोणत्याच वर्गात शिकवले नाही. म्हणून कोऱ्या पदवीबद्दल आमचे मत थोडे तिखट आहे, ते तेवढे कमी करून घ्या.

शेतकऱ्याच्या पोरांनी उडू नये असे आम्ही म्हणत नाही. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी 'महाज्योती'ने नागपूर फ्लाइंग क्लबमधून वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. अशा जाहिरातींवर नजर ठेवावी. विमान दुरुस्तीच्या अभियंत्याचा परवाना हाही एक रस्ता आहे. वेळ लागतो, परीक्षा अवघड आहेत, पण खर्च वैमानिकाच्या मानाने खूपच कमी.

मालगुंडच्या बागायतदाराला आम्ही एवढेच सांगितले की कॉलेजात पैसे भरायच्या आधी पोरीची वैद्यकीय तपासणी करा. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या. रंगांधळेपणा निघाला तर वैमानिकाची वाट तिथेच अडते, आणि ते काही हजारांत कळते. पोरगी शेजारी बसून ऐकत होती. तिने पत्रक मागितले, उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूला ६५० क्विंटल ऐवजी आंब्याच्या पेट्या किती, याचा गुणाकार सुरू केला. बागेला आलेले गिऱ्हाईक त्यांनी तूर्त थांबवून ठेवले आहे.