जॉब, सबमिशन आणि एक लाकडी वाडगा

फर्स्ट इयरच्या कार्पेंट्री शॉपमध्ये आपण काय शिकतो, हे हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं: "जॉब सबमिट करायला!" लाकडाचे दोन तुकडे, एक लॅप जॉइंट, मापात बसला की सही, आणि सही झाली की जॉब कोपऱ्यातल्या ढिगात. काही महाभाग तर जॉब बाहेरून तयारच आणतात. पण सगळा दोष विद्यार्थ्यांना देऊन चालणार नाही. जी वस्तू पुढे कुणी वापरणारच नाही, तिच्यात जीव कोण ओतणार?

म्हणून मित्रांनो, मला एका वाडग्याबद्दल लिहायचं आहे. एमिल मिलन (१९२२-१९८५) हा अमेरिकन कारागीर. दुसऱ्या महायुद्धानंतर तो न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिल्पकला शिकला आणि पुढे पेनसिल्व्हानियातल्या थॉम्पसन या लहानशा गावी राहून लाकडाचे वाडगे, चमचे, पक्षी कोरत राहिला. अमेरिकेत घरोघर मेलामाइन आणि प्लॅस्टिकची भांडी येत होती तो हा काळ. मिलनच्या वाडग्यावर नक्षी नाही. आकार साधा, पण हातात धरावासा वाटणारा. कुठे जोड नाही, एकाच तुकड्यातून कोरलेला. आपल्या आजीची भाकरीची काठवट आठवा, म्हणजे जात लक्षात येईल.

यात इंजिनिअरिंग कुठे आलं? लाकूड अ‍ॅनआयसोट्रॉपिक असतं, हे आपण परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहितो. वाडगा कोरताना ते हाताला कळतं. काठाकडून तळाकडे गोल पटाशी चालवली तर ढलपी अलगद सुटते. उलटी चालवली तर तंतू उचकटतात. म्हणून दोन्ही बाजूंनी खाली यायचं, आणि जिथे दोन्ही काप भेटतात तो तळच सगळ्यात अवघड. शिवाय लाकूड सुकताना वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेने आकसतं. ओल्या लाकडाचा गोल वाडगा त्यामुळे लंबगोल होतो, आणि भिंत कुठे जाड, कुठे पातळ राहिली तर तडकूही शकतो.

कुणी म्हणेल, लेथ असताना हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. जेम्स प्रेस्टिनी हा १९३० साली येल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि १९३३ ते १९५३ या काळात त्याने लेथवर इतके पातळ लाकडी वाडगे काढले, की ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेले. तेव्हा माझं यंत्राशी भांडण नाही. मिलनसुद्धा ओबडधोबड आकार बँडसॉवर कापून घ्यायचा. पण साध्या लेथवर वस्तू अक्षाभोवती फिरते, म्हणून ती गोलच निघते. पानासारखा किंवा ओंजळीसारखा वाडगा हवा असेल तर पुढचं काम हाताचं. यंत्राने कुठे थांबायचं आणि हाताने कुठे सुरू करायचं, हे ठरवणं म्हणजे इंजिनिअरिंगच की!

माझी सूचना साधी आहे. जॉइंट राहू द्या, पण शेवटचा जॉब म्हणून आंब्याच्या लाकडाचा वीतभर वाडगा द्या. आकार ज्याचा त्याने ठरवावा. भिंतीची जाडी कॅलिपरने तपासा, तळ डुगडुगतो का पाहा, आणि अमुकच आकार का घेतला हे व्हायवात विचारा. वेळ कमी आहे, गोल पटाश्या पुरेशा नाहीत, बॅच मोठी आहे, या अडचणी खऱ्या आहेत. मग दोघांत एक वाडगा करू. पटाशीला धार लावण्यापासून सगळं शॉपमधल्या सरांकडून शिकू. त्यांच्या हातात जे आहे ते जर्नलमध्ये उतरत नाही.

आणि तो वाडगा ढिगात न टाकता ज्याचा त्याला नेऊ द्या. थोडा वाकडा झाला तरी रूमवर चिवडा ठेवायला चालेल. रोज त्यात हात घालताना आपलं कुठे चुकलं, हे सहीपेक्षा नीट कळेल.