पडद्यावरचे भोंदू वैद्य

सप्टेंबर २००९ मधल्या एका शनिवार-रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संकेतस्थळ उघडणाऱ्या काही वाचकांसमोर बातमीऐवजी भलतीच खिडकी उघडली. संगणकात विषाणू शिरले आहेत, तपासणी सुरू आहे, अमुक इतके सापडले, आता हा अँटिव्हायरस घ्या, असा तिचा सूर होता. नंतर उलगडा झाला तो असा: कोणीतरी व्होनेज या टेलिफोन कंपनीची जाहिरात म्हणून जागा मिळवली, सुरुवातीला सरळ जाहिरात दाखवली आणि सुट्टीचे दिवस गाठून ती बदलली. पुढच्याच वर्षी मिनियापोलिसच्या ‘स्टार ट्रिब्यून’च्या संकेतस्थळावर हाच प्रकार झाला. तिथे सोंग घेतले होते एका हॉटेल कंपनीच्या जाहिरात संस्थेचे.

‘नको त्या साइटवर गेलात म्हणून झाले’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. यातले बळी सकाळचे वर्तमानपत्र वाचत होते.

या सोंगाची युक्ती अगदी साधी आहे. ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबपानाला संगणकाच्या हार्ड डिस्कमधल्या फायली तपासताच येत नाहीत. समोर सरकणारी हिरवी पट्टी, भराभर वाढणारा आकडा, लाल अक्षरांतली विषाणूंची नावे हे सगळे चलत्चित्र असते. संगणक कोणाचाही असो, ‘निदान’ तेच. नाडीला हात न लावता ‘लिव्हर खराब आहे’ सांगून पुडी बांधणाऱ्या रस्त्यावरच्या वैदूपेक्षा यात वेगळे काही नाही.

धंदा मात्र वैदूच्या कितीतरी पट मोठा. ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशा नावांनी हा माल खपवणाऱ्या टोळीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये खटला भरला. दहा लाखांहून जास्त ग्राहक फसल्याचे त्यात म्हटले होते आणि २०१२ मध्ये न्यायालयाने १६ कोटी ३० लाख डॉलरचा निकाल दिला. २०११ मध्ये एफबीआयने पकडलेल्या दुसऱ्या टोळीने ९ लाख ६० हजार लोकांकडून ७ कोटी २० लाख डॉलर उकळले होते. एवढी माणसे मूर्ख होती असे समजणे हा आळशी निष्कर्ष आहे.

खरे अँटिव्हायरस विकणाऱ्यांनी स्वतःची भाषा काय ठेवली आहे, हे पाहायला हवे. नवा लॅपटॉप घरी येतो तो चाचणी मुदतीचे संरक्षण घेऊन. मुदत संपत आली की लाल चौकट, उद्गारचिन्ह, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’. पैसे भरेपर्यंत रोज. अशा घरातल्या आजोबांनी खऱ्या आणि खोट्या लाल चौकटीत फरक कशाच्या आधारे करायचा? खोट्याने खऱ्याची नक्कल केली हे खरेच. पण नक्कल करण्याजोगा आरडाओरडा खऱ्याने केला नसता, तर ती इतकी खपली नसती.

आणि खऱ्या-खोट्याची भिंतही वाटते तितकी जाड नाही. ऑफिस डेपो या नावाजलेल्या अमेरिकी दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची मोफत तपासणी होत असे. सुरुवातीला चार प्रश्न: संगणक मंद झाला आहे का, वगैरे. यातल्या एका चौकटीवर जरी खूण केली, तरी विषाणूची लक्षणे असल्याचा अहवाल निघायचा. तपासणीत काय आढळले याचा त्याच्याशी संबंध नसायचा. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तिला हे सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. दुकान खरे, पावती खरी, आजार तेवढा खोटा.

तेव्हा रूपावरून ओळखू नये, वागण्यावरून ओळखावे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तो दिसला की सोंग ठरलेच. त्या नंबरमागचा माणूस एनीडेस्कसारखे सॉफ्टवेअर घालून संगणकाचा ताबा घेतो आणि विंडोजचा ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातल्या पिवळ्या-लाल खुणा दाखवतो. त्या धडधाकट संगणकातही असतात, हे मात्र तो सांगत नाही. याबाबतीत आपल्या देशाने मान खाली घालावी अशी स्थिती आहे. परदेशातल्या म्हाताऱ्यांना असे लुबाडणारी कॉल सेंटरे भारतातून चालत असल्याच्या मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन चक्र-२’ राबवून छापे टाकले.

खिडकी बंदच होत नसेल तर तिच्यातल्या फुलीवरही क्लिक करू नये. तीही चित्रातलीच असू शकते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर संपवावा. पुन्हा उघडल्यावर जुनी पाने परत आणू का, असे विचारले तर नकार द्यावा. बहुतेक वेळा काम इथेच संपते. कोपऱ्यात दिवसभर ‘संरक्षण संपले’ असे तुकडे उगवत असतील, तर कुठल्याशा साइटला नकळत ‘अलाऊ’ म्हटले गेलेले असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती अनोळखी साइट काढली की गप्प.

सॉफ्टवेअर प्रत्यक्ष उतरले असेल तर आधी इंटरनेट तोडावे. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी तारखेनुसार लावून त्या दिवशीचे नको ते काढावे. निघत नसेल तर सेफ मोडमध्ये. मग विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे भोंदूला दार अडवून बसता येत नाही. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही सफाईची साधने फुकट मिळतात. ‘व्हायरस काढायला’ म्हणून नेटवर शोधलेले चौथेच सॉफ्टवेअर मात्र घालू नये. भोंदूंची दुसरी दुकाने तिथेच मांडलेली असतात.

कोणाला संगणकाचा ताबा दिला गेला असेल तर एवढ्यावर भागत नाही. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावे, बँकेला कळवावे, फायली बाजूला काढून विंडोज नव्याने घालावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आला तरच हाती लागतो. पण आईवडिलांनी हा फोन करावा, तर ‘तुम्हाला कळत कसं नाही’ हे वाक्य मुलांनी त्या दिवशी गिळायला हवे. त्या बोलण्याच्या धास्तीने अनेक घरांत ही गोष्ट दोन-दोन दिवस कोणाला सांगितलीच जात नाही.