लिहिलेलें संगीत वाजणार कधीं?

‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द आमच्या ठाणे शहरास नवा नाहीं. वर्तकनगरांत कोणासही विचारा. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणेशोत्सवांत किंवा नवरात्रांत मंडपासमोर उभारलेला मंच, चार-सहा वाद्यें, दोन गायक, एक गायिका आणि जुन्या-नव्या चित्रपटांतील गाण्यांची हुबेहूब नक्कल, असेंच उत्तर मिळेल. ह्या करमणुकीवर आमचा राग नाहीं. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा लोकलच्या गर्दींत शिणलेल्या माणसास ती खुशाल लाभो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या शब्दानें इतरत्र साठ-सत्तर वादकांनीं एकत्र बसून एका रचनाकाराची कृति वाजविणें असा अर्थ समजला जातो, त्याच शब्दानें आम्हांस दुसऱ्याची चाल तंतोतंत उतरविणें एवढाच अर्थ कळावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शब्दाचा अर्थ असा आकुंचित झाला, कारण तो शब्द ज्या वस्तूस लागावयाचा ती वस्तु आमच्या समोर क्वचितच आली.

समजा, आमच्याच नगरांतील एखाद्या तरुणास स्वरलेखन येतें. बासरी, सनई, व्हायोलिन, चेलो यांचा मेळ कसा बसवावा हें तो पुस्तकांवरून व ध्वनिमुद्रणांवरून शिकला आहे. आणि रात्री जागून त्यानें भैरव रागाच्या आधारें पंधरा मिनिटांची एक रचना पुऱ्या वाद्यवृंदासाठीं लिहिली आहे. पुढें काय? संगणक त्यास ती कृत्रिम आवाजांत वाजवून दाखवितो. पण संगणकांतील सनईवाला कधीं दमत नाहीं, त्यांतील व्हायोलिनवाल्याची बोटें कधीं अडत नाहींत, आणि चाळीस तारवाद्यांखालीं एकटी बासरी बुडून गेली तरी एक कळ फिरवून तिचा आवाज वाढवितां येतो. रचनाकारास समाधान मिळतें, पण तें खोटें. आपली चूक कोठें आहे हें कळण्यास त्याला एकच मार्ग आहे: जिवंत माणसांनीं ती कृति त्याच्यासमोर वाजविली पाहिजे. कवीस कागद पुरतो, चित्रकारास रंग आणि फलक पुरतो. वाद्यवृंदाच्या रचनाकारास साठ माणसांचा एकाच वेळचा वेळ लागतो. तो विकत घेण्याची ऐपत त्याची नसते. मग ती कोणी दाखवावयाची, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

हें दुःख केवळ कल्पनेंतील तरुणाचें नव्हे. गोव्यांतील माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्सालविस मुंबईस आले, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले, आणि पुढें इतरांच्या चालींस वाद्यमेळ लिहून देणारे म्हणून नांवाजले. संगीतदिग्दर्शक प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. परंतु दुसऱ्याच्या चालीस पोशाख चढविण्यांत त्यांचें समाधान नव्हतें. आमचे राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संयोग स्वतःच्या कृतींतून करून दाखवावा ह्या ध्यासानें त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकांत शंभरावर वादकांचा मेळा उभा केला. लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यांत गावयास उभे राहिले. ह्याहून भव्य आरंभ कोणता असूं शकेल? पण त्या प्रयोगास कायमचा आश्रय कोणी दिला नाहीं. पुढच्या दशकांत ते अमेरिकेस गेले. परत आल्यावर आपल्या गांवीं शांतपणें राहिले, आणि २०१२ सालीं निवर्तले. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटांत शिष्यानें गुरूचें नांव एका गाण्यांत गोंविलें, त्यामुळें तें नांव देशांतील पोराबाळांस पाठ झालें. ज्या कृतींसाठीं तें नांव लक्षांत राहावयास पाहिजे होतें, त्यांतील एक तरी आमच्या किती वाचकांनीं ऐकिली आहे?

त्याच १९२७ सालीं मुंबईंत जन्मलेले वनराज भाटिया यांची कथा निराळी, पण तात्पर्य तेंच. लंडनच्या रॉयल अकॅडमींत शिकून, पॅरिसमध्यें नादिया बूलांजे यांच्यासारख्या थोर गुरूपाशीं धडे घेऊन ते १९५९ सालीं मायदेशीं परतले. एवढी तयारी करून आलेल्या माणसास ह्या देशानें काम काय दिलें? जाहिरातींचें संगीत. त्यांनीं तेंही उत्तम केलें. श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांस आणि ‘भारत एक खोज’ ह्या मालिकेस दिलेलें त्यांचें संगीत तर अविस्मरणीयच आहे. तथापि मैफलीसाठीं लिहिलेल्या त्यांच्या रचनांस श्रोता मिळविण्याची विवंचना त्यांस जन्मभर राहिली, आणि उतारवयांत त्यांची पैशाची ओढाताण चालली असल्याचें वर्तमान २०१९ सालीं वृत्तपत्रांतून झळकलें. २०२१ सालीं ते गेले. मृत्युलेख लिहिण्यांत आम्ही पत्रकार कधीं कसर करीत नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

परदेशांत तरी सर्व आलबेल होतें असें नव्हे. शूबर्ट हा व्हिएन्नाचा रचनाकार १८२८ सालीं एकतिसाव्या वर्षीं वारला. त्याची थोरली सिंफनी तशीच बासनांत पडून राहिली, ती शूमान यास सांपडली आणि १८३९ सालीं मेंडेल्सोहन यानें लाइपझिग येथें वाजविली. पण तेथील लोक ह्या लाजेंतून कांहीं शिकले. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा २००५ पासून पानुफ्निक यांच्या नांवानें एक योजना चालविते. तींत निवडक नवे रचनाकार छोटी कृति लिहितात, आणि तो नामांकित वाद्यवृंद त्यांच्यासमोर ती वाजवून तपासून पाहतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन कंपोझर्स ऑर्केस्ट्रानें १९९१ पासून नव्या कृतींचें असेंच वाचन चालू केलें. हा बक्षीससमारंभ नव्हे, ही तालीम आहे. चुकण्यास जागा आहे, वादक हात वर करून ‘हा स्वर माझ्या वाद्यावर ह्या गतींत निघत नाहीं’ असें सांगूं शकतो, आणि रचनाकार घरीं जाऊन तें पान पुन्हां लिहूं शकतो.

आमच्याकडे साधनें अगदींच नाहींत काय? मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला होता. २००६ सालीं नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय कलाकेंद्रांत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्यांत प्रारंभापासून कझाकस्तान इत्यादि देशांतून आणलेल्या वादकांचा भरणा मोठा; म्हणून हिंदी मुलांस तयार करण्याकरितां त्यांनीं विद्यालयही काढलें, हें त्यांस भूषणावह आहे. २०१५ सालीं ह्याच वाद्यवृंदानें झाकीर हुसेन यांच्याकडून तबला व वाद्यवृंद यांसाठीं ‘पेशकार’ ही रचना लिहवून घेतली आणि ती पुढें युरोपांतही ऐकविली. हें पाऊल स्तुत्य खरें. परंतु झाकीर हुसेन यांस दार उघडणें कोणासही जड गेलें नसतें. ज्याचें नांव अजून कोणीं ऐकिलेलें नाहीं त्याच्यासाठीं दार उघडें आहे कीं नाहीं, यावरच आमचें लक्ष आहे.

येथें एक आक्षेप ठरलेला असतो. आमचें संगीत एका कलावंताच्या त्या क्षणींच्या प्रतिभेवर चालतें. लिहून ठेवलेलें, साठ जणांनीं मिळून वाजवावयाचें संगीत परकें आहे, असें सांगण्यांत येतें. आम्ही राष्ट्रीय बाण्याचे म्हणवितो म्हणूनच स्पष्ट बोलतों: हा अभिमान अज्ञानाचा आहे. मैहर येथें बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनीं अनाथ मुलांस हातीं धरून वाद्यवृंद बांधला आणि त्यासाठीं स्वतः रचना केल्या; त्यांच्याइतका अस्सल गवई-बजवय्या आक्षेपकांनीं दाखवावा. आकाशवाणीनें १९५२ सालीं वाद्यवृंद काढला तो रविशंकर यांच्या हातीं दिला. पुढें तो बासरीचे थोर वादक पन्नालाल घोष यांनीं चालविला. व्हायोलिन परदेशी खरें, पण दक्षिणेंत त्यावांचून मैफल होत नाहीं. हार्मोनियमवर आकाशवाणीनें १९४० पासून एकतीस वर्षें बहिष्कार घातला. आमच्या नाट्यसंगीतानें मात्र पायपेटीस घरांतून हांकलून दिलें नाहीं. विदेशी कापडाची होळी करणाऱ्यांनींही पेटी जाळल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. जें पचविलें तें आपलें, आणि पचवावयाचें तर तें आधीं ताटांत पडलें पाहिजे.

कायद्याची बाजूही एका वाक्यांत सांगतों, कारण तो आमचा धंदा आहे. चित्रपटासाठीं लिहिलेल्या संगीताचा हक्क १९७७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें निर्मात्याकडे गेला होता. २०१२ च्या दुरुस्तीनें मानधनांतील वाटा रचनाकारास परत मिळाला. पण वाजलेल्या संगीताचा वाटा मिळतो. जें वाजलेंच नाहीं त्याचा वाटा कोणता कायदा देणार?

तेव्हां ठाणें शहरापुरती एक सूचना आम्ही करितों. पंडित राम मराठे आमच्या ह्या शहरांत राहिले. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ महानगरपालिका संगीतसमारोह करीत आली आहे, ही चांगली प्रथा आहे. त्या समारोहास एक सकाळ जोडावी. मुंबई, वसई व ठाणें परिसरांत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत जन्म घालविलेले वादक आहेत. संगणकानें त्यांचें काम हिरावून घेतल्यास बरींच वर्षें झालीं, पण त्यांचे हात अजून चालतात. त्यांतून तीस-चाळीस जण रीतसर मेहनताना देऊन बोलवावेत, बासरी, सनई, तबला यांस बरोबर बसवावें, आणि पांच नव्या रचनाकारांच्या दहा-दहा मिनिटांच्या कृति निवडून त्या तीन तासांत वाजवून पाहाव्यात. निवड करणाऱ्यांपुढें कृतींवर नांवें असूं नयेत. शिफारस, जात, पक्ष यांस तेथें शिरावयास फट ठेवूं नये.

व्यापारी वाचक विचारतील, खर्चाचें काय? त्यांनीं आपल्या पेठेंत गेल्या वर्षीं झालेल्या सत्कारांचा हिशेब स्वतःच मांडून पाहावा: मंडप, हार, शाली, श्रीफळें, मानपत्रें, पाहुण्यांच्या मोटारी. भाद्रपदापूर्वीं ढोलताशांचीं पथकें आठवडेच्या आठवडे तालीम करितात, त्यांस मैदान मिळतें, लोक कौतुकानें उभे राहून ऐकतात. तालमीचें मोल ह्या शहरास कळत नाहीं असें कोण म्हणेल? वर्तकनगराच्या एखाद्या दुकानदारानें एका कृतीच्या वह्या उतरवून घेण्याचा भार उचलावा. साठ पानांची रचना असली तर प्रत्येक वाद्याची निराळी वही करावी लागते, आणि हें किचकट काम रचनाकार बहुधा एकटाच करीत बसतो. दुसऱ्यानें वादकांच्या चहाफराळाची व्यवस्था पाहावी. सकाळीं नऊ वाजतां दारें उघडावींत, तिकीट ठेवूं नये, शाळांतील मुलांस पुढच्या रांगा द्याव्यात, आणि कृति मध्येंच थांबली, पुन्हां पहिल्यापासून सुरू झाली, तरी श्रोत्यांनीं उठून जाऊं नये. ह्या सूचनेवर महापालिकेच्या सभासदांपैकीं कोणास कांहीं लिहावयाचें असल्यास आमचे स्तंभ त्यांस मोकळे आहेत.